एकदाच सांगणारे चौधरी सर

कॉलेजच्या जुन्या विद्यार्थ्यांनी चौधरी सरांवर काही तरी छापायचं ठरवलंय आणि मी लिहावं असा त्यांचा आग्रह आहे. "तुम्ही इतकी वर्षं त्यांच्या शेजारच्या खोलीत शिकवलंत, तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखणार?" असं म्हणाले. ओळखतो, म्हणूनच पंचाईत आहे. विद्यार्थ्यांना हवाय आदर, आणि मी तर त्या माणसावर जळत होतो. चांगला धुमसून जळत होतो. त्यांच्या शिकवण्यावर जळायचो, त्यांच्या अक्षरावर जळायचो, छत्री कुठेही न विसरण्याच्या त्यांच्या सवयीवरसुद्धा जळायचो. तेव्हा जे लिहीन ते जळणाऱ्या माणसाने लिहिलंय असं समजूनच वाचा.

रामदास चौधरी जवळच्या निंबोला गावचे. घरची केळीची बाग भाऊ बघायचा. हे बुरहानपुरात, मागवाल्यांच्या म्हणजे विणकरांच्या मोहल्ल्यात, भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचे. अंगाने काटकुळे, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात कागदात गुंडाळलेला खडू. बायको लवकर गेली होती, एकुलता एक मुलगा प्रकाश. कॉलेजात आम्ही दोघं प्राणिशास्त्राचे. मी पुराणिक, सुवर्णपदकवाला. पदकाचा उल्लेख मी करतो, कारण दुसरं कुणी करत नाही.

चौधरींची मुख्य खोड ही की प्रत्येक गोष्ट ते एकदाच सांगायचे. चहावाल्याला "साखर कमी" एकदाच. नाही ऐकलं तर गोड चहा मुकाट्याने प्यायचे. कुणाच्या दारी गेले तर कडी एकदा वाजवायची, उघडलं तर ठीक, नाही तर परत. त्यांना कुणी दुसऱ्यांदा हाक मारली तर म्हणायचे, "पहिली पोचली होती भाऊ, येऊन राह्यलो."

वर्गातही तेच. मुलं गोंगाट करायला लागली की आपण सगळे आवाज चढवतो. चौधरी उतरवायचे. गोंगाट वाढेल तसतसे हळू बोलायचे, आणि मग पुढच्या बाकावरची मुलं मागच्यांना दटावायची, "अरे चुप, सुनाई नहीं दे रहा." पलीकडच्या खोलीत मी. माझा आवाज पहिल्यापासून मोठा. मुख्य रस्त्यावरच्या पानवाल्यालासुद्धा बेडकाचं हृदय पाठ झालं होतं, असं मुलं म्हणायची. मधली भिंत पातळ होती. मी श्वास घ्यायला थांबलो की पलीकडची शांतता ऐकू यायची, आणि माझी मुलं ती शांतता कान देऊन ऐकायची. ह्याचा मला जो संताप यायचा!

ती वर्षं अशी होती की जो तो कशाला तरी जोडला जात होता. गच्च्यांवरून केबलच्या तारा आल्या, कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे पिवळे बूथ आले, दुकानात परदेशी शीतपेयं आली. आमचा अभ्यासक्रमही जगाला जोडला गेला. आम्ही बेडूक आणि झुरळ चिरत मोठे झालो, आणि नव्या पुस्तकात एक प्रकरण आलं : पेशी बाहेरचे निरोप कसे घेतात. हिंदी पुस्तकात ग्राही म्हणत, आम्ही रिसेप्टरच म्हणायचो. विभागप्रमुखांनी विचारलं, हे कोण घेणार? मी म्हणालो, जरा वाचून सांगतो. चौधरी म्हणाले, "घेतो." झालं. ते प्रकरण जन्मभर त्यांचं झालं.

त्यांनी ते कसं शिकवलं, हे मी भिंतीतून ऐकलंय, म्हणून सांगू शकतो. पेशीच्या पृष्ठभागावर रिसेप्टर असतात. त्यांना चौधरी दारं म्हणायचे. बाहेरून एखादं रसायन येतं, आपल्या दाराला लागतं आणि आत निरोप जातो. इथपर्यंत कुणीही शिकवील. पुढे ते विचारायचे, निरोप येतच राहिला, येतच राहिला, तर? पेशी काय करते? मग हळूच म्हणायचे, "दारंच आत ओढून घेते." बाहेर हाकांचा भडिमार असला की पेशी पृष्ठभागावरचे रिसेप्टर आत घेते. काही जपून ठेवते, काही मोडून टाकते. हाका कमी झाल्या की ठेवलेले परत बाहेर आणते, नवे घडवते. एका हाकेने काम होईल इतपत कान ती स्वतःच कमीजास्त करते. "इसलिए," ते शेवटी म्हणायचे, "जिसको सुनाना है, वो कम बोले."

हे शेवटचं वाक्य कुठल्याही पुस्तकात नाही. आणि ते माझ्या भिंतीकडे बघून म्हणत असणार, अशी माझी खात्री होती.

एकदा ते सगळा वर्ग आपल्या मोहल्ल्यात घेऊन गेले. शबाना अन्सारी नावाची मुलगी होती, हुशार, तिच्या घरी पॉवरलूम होते. बुरहानपुरात मागाचा खडखडाट नवा नाही, पण त्या बोळात उभं राहिलं की शेजारच्याचं तोंड हलताना दिसायचं फक्त. मीही गेलो होतो, "बघू तरी" म्हणून. मागापासून हातभर अंतरावर झोळीत शबानाचा भाचा गाढ झोपलेला. चौधरी काहीच बोलले नाहीत. मुलं उभी. वीज जायची वेळ ठरलेली होती. वीज गेली, सगळ्या बोळातले माग एकदम थांबले, आणि झोळीतलं पोर दचकून उठून रडायला लागलं.

"सर, लाइट गेली ना की हा असाच उठतो," शबाना म्हणाली. "माग चालू असले तर ढोल वाजवा, नाय उठत."

मुलं हे महिनोन्‌महिने सांगत फिरली. मी तिथल्या तिथे म्हणालो, की ही मेंदूची सवय आहे, पेशीचे रिसेप्टर आत ओढले जाणं वेगळं, दोन्हींची गल्लत करू नये. अगदी बरोबर मुद्दा होता. चौधरी मान हलवून म्हणाले, "पुराणिक सरांचं बरोबर आहे. लिहून घ्या." मुलांनी लिहून घेतलं. माझं बरोबर असणं ह्या माणसामुळे असं कोरडं होऊन जायचं.

पण वर्गाचं एक वेळ सोडून देऊ. घरी काय झालं ते सांगतो.

माझ्या बायकोला, नलिनीला, साखरेचा आजार निघाला. तिच्या आईचा पाय त्याच आजाराने गेला होता, त्यामुळे माझी घाबरगुंडी उडाली. मी तिला सांगायला लागलो. सकाळी सांगायचो, जेवताना सांगायचो, कॉलेजला निघताना पायताण घालता घालता सांगायचो. भात कमी कर, चालायला जा, जिलबीकडे बघू नकोस. बुरहानपुरात मावा जिलबीकडे बघायचं नाही म्हणजे रस्त्याने डोळे मिटून चालायचं, हे मलाही कळत होतं. ती "हौ, हौ" म्हणायची. आणि मसुराच्या डब्यात मला जिलबीचा पुडा सापडायचा. मग मी आणखी मोठ्याने सांगायचो. आकडा चढत गेला. तिच्या तळपायाला मुंग्या यायला लागल्या, पाय सुजायला लागला.

एका रविवारी चौधरी केळीचा फणा घेऊन आले. कडी एकदा वाजली. नलिनीने चहा केला, त्यांनी तिचा सुजलेला पाय बघितला असावा. म्हणाले, "वहिनी, इन्सुलिन म्हणजे साखर आत घ्या असा निरोप. सारखं गोड खाल्लं की रक्तात तो निरोप सारखा चालू. पेशी कंटाळते, दारं आत घेते. तिला थोडी उसंत दिली, चार पावलं चाललं, की दारं परत येतात." इतकंच. मग पाऊसपाण्याचं बोलले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी मी उठलो तर नलिनी घरात नाही. नदीवरच्या राजघाटापर्यंत चालून आली होती.

हीच गोष्ट मी तिला किती वेळा सांगितली होती! आकृत्या काढून! इन्सुलिन हा शब्द आमच्या घरात मीठ ह्या शब्दापेक्षा जास्त वेळा उच्चारला गेला होता. आणि आता उठता बसता "चौधरी भाऊजी म्हणतात." भाऊजी म्हणतात, उसंत द्यावी. भाऊजी म्हणतात, केळं हिरवट असताना खावं. मसुराच्या डब्यात मसूर. आकडा उतरायला लागला. डॉक्टरांनी माझं अभिनंदन केलं, "सर, आपने अच्छा ध्यान रखा." मी हसलो. बायकोचा पाय वाचतोय ह्याचा आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण तो दुसऱ्याच्या शब्दाने वाचतोय हे माझ्या घशाखाली उतरत नव्हतं. पंचवीस वर्षं संसार मी केला, आणि दार उघडलं ते चौधरींच्या एका टकटकीला.

मग मी ठरवलं. एकदाच बोलायचं. चौधरींना जमतं ते मला का जमू नये? मी घरात बोलणं बंदच केलं म्हणा ना. काय हवं ते एकदा, हळू. नलिनीला वाटलं घसा बसला. तिने मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या. मी गुळण्या केल्या, बोललो नाही. वर्गातही आवाज उतरवला, तर मागच्या बाकावरची मुलं झोपली. तरी मी नेट सोडला नाही. आता ही माझ्याकडे कान लावील, आता विचारील, ह्या आशेवर आठवड्यामागून आठवडे काढले. घरात भांड्यांचा आवाज तेवढा व्हायचा. नलिनी माझ्याकडे बघायची, काही विचारायची नाही. चालायला जाणं तिने सोडलं. डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं.

आणि एक दिवस कळलं की ती चौधरींकडे गेली होती. माझ्याबद्दल बोलायला! मला सांगायचं सोडून त्यांना सांगायला! त्या दिवशी जर ते मला रस्त्यात भेटले असते तर मी काय केलं असतं सांगता येत नाही.

तेच संध्याकाळी घरी आले. कडी वाजली. मी मुद्दाम उठलो नाही. म्हटलं, जा परत, तुमचा नियम आहे ना. पुन्हा वाजली. मी चमकलो. तिसऱ्यांदा वाजली तेव्हा नलिनीने दार उघडलं.

चौधरी खुर्चीच्या कडेवर बसले. म्हणाले, "सर, तुम्ही बोलून नाही राह्यले म्हणतात वहिनी."

"जिसको सुनाना है, वो कम बोले," मी म्हणालो. चांगलं झोंबेल असं म्हणालो.

"ते मुलांना सांगायला ठीक आहे," ते म्हणाले. मग जे बोलले ते सलग, आणि माझ्याकडे न बघता. "प्रकाशला बंगलोरला नोकरी लागली तेव्हा मी त्याला म्हटलं, नको जाऊ, इथंच बघ काही तरी. एकदा म्हटलं. तो बॅग घेऊन उंबऱ्यात उभा राहिला. उभाच राहिला. मला कळत होतं, मी आणखी एकदा म्हणावं म्हणून तो वाट बघतोय. नाही म्हटलं. मी कधी म्हणतच नाही ना. तो गेला. सुरुवातीला फोन करायचा, शेजारच्या बूथवर. मी 'बरंय' म्हणायचो. आता नाही येत फोन."

नलिनी पदराशी चाळा करत उभी होती.

"त्या प्रकरणाच्या शेवटी एक परिच्छेद आहे," चौधरी म्हणाले. "हाका कमी झाल्या तर पेशी दारं वाढवते, ते मी शिकवलं. पण काही पेशी अशा असतात की त्यांना हाक अजिबातच आली नाही, तर त्या जगत नाहीत. स्वतःला संपवून टाकतात. ते मी दर वर्षी घाईत उरकलं. परीक्षेला येत नाही म्हणून."

मग नलिनी बोलली. माझ्याकडे बघून बोलली, त्यांच्याकडे नाही. "तुमची बडबड ऐकून कान किटले माझे, खोटं कशाला बोलू. पण तुम्ही गप झाले अन् मला झोप नाही लागून राह्यली. त्या मागवाल्यांच्या पोरासारखं झालं माझं. वाटते, काय बंद पडलं? कुठं काय मोडलं?"

मी म्हणालो, ती मेंदूची सवय असते, रिसेप्टरचा त्याच्याशी संबंध नाही.

"पुराणिक सरांचं बरोबर आहे," चौधरी म्हणाले, आणि नलिनी खदखदून हसली. खूप दिवसांनी हसली. मलाही हसू आलं. इतकं बरं वाटलं मला, की मी लगेच तिला चालायला का जात नाहीस म्हणून झापलं, आणि ती "हौ, हौ" म्हणाली.

चौधरी उठताना मी त्यांना सांगितलं, प्रकाशला फोन करा. दारात सांगितलं, करा फोन. पायऱ्या उतरत होते तेव्हा वरून ओरडून सांगितलं. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये विचारलं, केला का? "केला. 'बरंय' म्हणाला." मग आज पुन्हा करा. पोरगा कंटाळेल, म्हणाले. कंटाळू द्या, मी म्हटलं, तुम्ही करा. बूथवाला पुढे मला सांगायचा, "चौधरी सर तो अब रोज आते हैं." काय बोलत असतील, देव जाणे. पण जायचे. हे एक काम मात्र त्यांनी माझ्या पद्धतीने केलं, आणि ते मी इथे ठासून लिहितो, कारण जुन्या विद्यार्थ्यांना ते माहीत असण्याचं कारण नाही.

चौधरी निवृत्त झाल्यावर प्रकाशने त्यांना बंगलोरला बोलावून घेतलं. स्टेशनवर अर्धं कॉलेज लोटलं होतं. शबाना आली होती, आता स्वतः शाळेत शिकवत होती. तिने वाकून नमस्कार केला, तर आणखी दहा जण वाकले. माझ्या निवृत्तीला नारळ, शाल आणि समोसे एवढंच होणार, हे मला तेव्हाच दिसत होतं. नलिनीने दशम्या आणि कोरडी चटणी बांधून दिली होती. चौधरी खिडकीत बसले, तोच पांढरा शर्ट. छत्री मांडीवर. सगळ्यांपुढे हात जोडून होते.

गाडी हलायच्या बेतात असताना नलिनी पुढे झाली. तिला सांगायचं होतं की दशम्या आजच संपवा, आणि पोचल्यावर कळवा. पण तिचा आवाज लहान, गर्दी ही एवढी, वर इंजिनाची शिट्टी. ती दोनदा बोलली, त्यांना ऐकूच गेलं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मी पाहिलं. माझ्यासाठी कधी आलं होतं का, असंही तेवढ्यात मनात येऊन गेलं. स्वभाव आहे.

तिने माझी बाही ओढली. "अहो, तुम्ही सांगा. तुमचाच आवाज पोचंल."

गाडी सुटली होती. मी फलाटावरून चालायला लागलो आणि ओरडलो, दशम्या आजच संपवा! पोचल्यावर फोन करा! बंगलोरला थंडी असते, कानाला बांधा! लोक बघायला लागले. पानवाल्याला बेडकाचं हृदय शिकवलेला आवाज होता तो, शिट्टीला भारी पडला. चौधरींना पहिल्याच वेळी सगळं ऐकू गेलं होतं. त्यांच्या तोंडावरून कळत होतं.

त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि कानामागे हात धरला.

"पुन्हा सांगा," ते म्हणाले.

मी पुन्हा सांगितलं.